मार्चमधली छाटणी

आखातातल्या खलिफा सिटीत एका हॉटेलात काचेच्या छताखाली बारा बर्च होते. आपल्या भूर्जपत्राच्या जातीतली ही पांढऱ्या सालीची झाडं. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत यंत्रांच्या जोरावर त्यांचा हिवाळा आणि वसंत सांभाळला जायचा. त्यांची देखभाल मनोरमाकडे होती. पुण्यात बागकामाचं शिक्षण घेऊन ती सात वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे आली होती.

मार्चमध्ये कळ्या फुगल्या आणि मॅनेजर उपेंद्र म्हणाला, "मॅडम, सोमवारी मालक येताहेत. फांद्या झुंबराला लागतात. सगळ्यांचे शेंडे एका लेव्हलला कापून टाका."

"आत्ता नाही, सर. मुळांतून रस वर चढतोय. आत्ता कापलं तर झाडं गळत राहतील. पानं नीट भरू द्या, जूनमध्ये मी स्वतः छाटते. तेव्हाही शेंडे नाही कापायचे. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढायच्या."

"जूनमध्ये मालक इथे नसतात."

तिनं हेच सगळं ईमेलवर लिहून पाठवलं. रविवारी तिची सुट्टी होती.

सोमवारी सकाळी ती आत आली आणि जागीच थांबली. बाराही झाडांची डोकी उडवलेली होती. प्रत्येक कापातून रस टपटपत होता, खालच्या संगमरवरावर थारोळी साचली होती. पन्नाशीचा माळी हनीफ गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होता.

"साहब खुद खडे थे, मॅडम," तो म्हणाला. "मैंने बोला, मॅडम को पूछ लो."

एवढ्यात उपेंद्र आला. "कापांवर रंग फासा, गळणं बंद करा. आणि रिपोर्टमध्ये लिहा, हनीफनं कुणाला न विचारता कापलं. एचआर त्याला घरी पाठवेल. खलास."

मनोरमाचे कान तापले. "रंगानं रस थांबत नाही. आणि हे खोटं मी लिहिणार नाही! एकोणीस वर्षं राबलेल्या माणसाला तुमच्या हट्टापायी हाकलायचं? लाज वाटत नाही?"

"आवाज खाली. तुमचाही व्हिसा कंपनीचाच आहे."

तासाभरात तिनं फोटो आणि आपला जुना ईमेल जोडून रिपोर्ट थेट मालकांच्या ऑफिसला पाठवला.

हनीफची नोकरी वाचली. उपेंद्रची बदली कंपनीच्याच खोर फक्कान गावातल्या हॉटेलात झाली, तीही वरच्या पदावर. झाडं महिनाभर गळली, पानं आल्यावर हळूहळू थांबली. तीन झाडं वरून वाळत गेली. बाकीच्यांच्या कापांभोवती केरसुणीसारखे कमकुवत कोंब फुटले. त्यांचा जुना डौल परत येणार नव्हता.

एप्रिलअखेर मनोरमाला एचआरनं बोलावलं. टेबलावर लेखी ताकीद होती: वरिष्ठांना डावलून पत्रव्यवहार केला.

"फक्त सही करा, मॅडम. फॉर्मॅलिटी आहे," तिथली मुलगी म्हणाली.

"झाडं कुणी मारली, त्याबद्दल यात एक ओळ तरी आहे का?"

मुलीनं पेन पुढे केलं. मनोरमानं कागद उलटा करून परत सरकवला आणि सही न करता खाली बागेत निघून गेली.