नागुबाईच्या म्हशीचं पचन

हिंडलग्याच्या नागुबाईला दोन गोष्टींचा गर्व होता. एक दारातली म्हस आणि दुसरी जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकणारी लेक दिपाली. त्यातला जास्त कुणाचा, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. दिपालीनं कॉलेजच्या अभ्यासासाठी गल्लीतल्याच म्हशी निवडल्या, तेव्हा तर बाईचे पाय जमिनीला लागेनात.

उसाच्या वाड्यापासून, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यापासून केलेला नवा खुराक म्हशींना किती पचतो, ते बघायचं होतं. दिपाली खुराक तोलून घाली आणि त्यात मोजून हिरवी पूड मिसळी.

"पूड कशाला गं? बाधायची म्हशीला," नागुबाईनं हटकलं.

"न्हाय बाधत, आई. ती अंगात मुरतच न्हाय. जेवढी पोटात जाती तेवढी शेणातनं भाईर येती. खुराक पचून कमी झाला की शेणात पूड दाट दिसती. लई दाट, म्हणजे लई पचलं. फकस्त मी देते त्याबिगर म्हशीला काय बी घालायचं न्हाय."

नागुबाईनं मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. दिपालीचे सर म्हशी बघायला येणार होते. परका माणूस दारात येणार आणि म्हशीच्या बरगड्या मोजणार? पाहुणा यायच्या आधी जनावर घासूनपुसून, चारून उभं करायची ह्या घरची रीत होती. दिपाली शेणाचे डबे घेऊन कॉलेजला गेली की नागुबाई भिजवलेली सरकी गुपचूप म्हशीपुढं ठेवायची. म्हस अंगानं भरली, दूध वाढलं. बाई खूश.

सर आले ते तोंड पाडूनच.

"दिपाली, तुझ्या मंगलकाकूंच्या म्हशीला खुराक छान पचलाय. बाकीच्यांनाही. हिच्या शेणात मात्र पूड फार पातळ आहे. हिला काही पचतच नाही. हिचा आकडा धरला तर खुराक वाईट ठरतो, सोडला तर अभ्यास अपुरा. वर्ष जाईल तुझं."

नागुबाई दारात उभी राहून ऐकत होती. लेकीचं वर्ष जाणार. आणि वर जावेच्या म्हशीला पचतं, आपल्या म्हशीला नाही? मंगलची ती हाडकुळी म्हस? बाईला रागानं काही सुचेना.

दिपाली मात्र शांत होती. "सर, पचत नसतं तर दूध वाढलं कुठून? सायसुद्धा जाड धरतेय, सरकी खाल्ल्यावर धरते तशी. पूड मी मोजून दिली. ती पातळ झाली, म्हणजे पूड नसलेलं काहीतरी हिच्या पोटात जातंय. माझ्या माघारी कुणीतरी हिला सरकी घालतंय."

आईकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. नागुबाईला तेच लागलं. ती पदर सावरत पुढं झाली.

"मीच घातली, सर. पोरीचा काय बी गुन्हा न्हाय. आन माझ्या म्हशीचं पोट खराब म्हणून लिहू नका. तिला समदं पचतंय."

सर हसले. "मीही म्हशीलाच दोष देऊन मोकळा झालो होतो. आता काय करणार, दिपाली?"

"झालं ते तसंच लिहीन, सर. आणि सुट्टीत हिचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करीन."

संध्याकाळी डेअरीवर दूध घालताना ही हकीकत नागुबाईनं स्वतःच सगळ्या बायकांना सांगितली, तीही तिखटमीठ लावून. मंगलनं पदर तोंडाला लावला. "आक्का, पोरीनं चोरी उघडी पाडली आन तुमी गावभर सांगत सुटलाय? लाज न्हाय वाटत?"

"कसली लाज गं?" नागुबाई म्हणाली. "चोर मी हाय खरं, पर शेण बघून चोर धरणारी पोरगी माझ्याच पोटची हाय."