डावीकडे ओढणारी गाडी

उस्तादांच्या हातून गेलेली गाडी रेघ ओढल्यासारखी सरळ धावते, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो सगळ्यांत जास्त त्यांनाच ठाऊक होता. गाड्या बसक्या करून घ्यायला हौशी पोरं त्यांच्याकडेच यायची. आखूड स्प्रिंगा टाकल्या की गाडी जमिनीलगत येते, पण चाकं वरच्या बाजूनं आत कलतात. तो कल, म्हणजे कॅम्बर, पुन्हा जुळवावा लागतो. "स्प्रिंगा बसल्या की गाडी परत दाखवायला आण, नाहीतर टायर खाईल," असा दम ते प्रत्येक गिऱ्हाइकाला भरत.

मुलाची गाडीही त्यांनीच बसकी केली. त्याला मित्रांना दाखवायची घाई, दुकानात कामाचा ढीग. उस्तादांनी जुळणी अंदाजानं उरकली. घरचीच तर गाडी, बघू निवांत. पुढे मुलाची बदली झाली, तिकडे त्याला कंपनीची गाडी मिळाली आणि ही सुनेकडे आली. सून एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. लायसन्स नवं, हौस दांडगी.

थोड्याच दिवसांत तिनं जेवताना विचारलं, "बाबा, गाडी डावीकडे ओढते का हो?"

"गाडी कशाला ओढेल? तूच ओढत असशील."

सगळे हसले. उस्तादांना तो विनोद एवढा आवडला की घरी कुणी आलं की ते सुरू करत, "आमच्या सूनबाई सरळ रस्त्यालासुद्धा वळण लावतात!" सूनही आधी हसायची. मग नुसतीच मान खाली घालायची. एक दिवस तिनं किल्ली खुंटीला अडकवली आणि बसनं जायला लागली. "माझ्या हातातच काहीतरी कमी आहे," असं तिनं सासूबाईंना सांगितलं.

गाडी उभी राहून बॅटरी उतरेल, म्हणून उस्ताद एकदा ती घेऊन दुकानात निघाले. पहिल्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो त्यांच्या मनगटांना कळायचं ते कळलं. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे निघायची. दुकानात गाडी वर उचलली. बाहेरून टायर नव्यासारखे, पण आतली कड पार झिजून तारा दिसत होत्या. पुढचं एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्तच कललेलं. कामगारांना त्यांनी दुसऱ्या गाडीवर धाडलं आणि एकट्यानं कामाला लागले. बोल्ट बदलून आधी दोन्हीकडचा कल सारखा केला, मग चाकांची तोंडं सरळ केली, नवे टायर चढवले. जुने टायर मागच्या ढिगात स्वतः नेऊन ठेवले, झिजलेली कड भिंतीकडे करून.

घरी येऊन एवढंच म्हणाले, "गाडी धुऊन आणलीय. जरा चालवून बघ."

सून गेली, आणि परतली ती उड्या मारतच. "बाबा, जमलं! एकदाही इकडेतिकडे गेली नाही. बसमध्ये मी ड्रायव्हरचे हात बघत बसायचे ना, तेच कामी आलं!"

खरं सांगायची हीच वेळ होती. उस्ताद हसले आणि म्हणाले, "सरावानं येतं."

तिनं नवऱ्याला फोनवर मोठ्या आवाजात सांगितलं, शेजारणीला सांगितलं. प्रत्येक वेळी उस्ताद खोलीतून उठून जात.

मग लेक आणि जावई जेवायला आले. जावयानं नेहमीचा सूर लावला, "काय वहिनी, आज किती वळणं घेतलीत?"

"आता नाही हं," सून म्हणाली. "शिकले मी. पण खरंय, हात वाईटच होता माझा."

उस्तादांचा घास तसाच राहिला. "हात वाईट नव्हता," ते म्हणाले. "गाडी वाईट होती. मीच तशी ठेवली होती." आणि मान वर न करता त्यांनी सगळं सांगून टाकलं. ढिगातल्या टायरांचंसुद्धा.

"अहो, मग तेव्हाच बोलायचं नाही का?" बायको म्हणाली. जावई ताटात बघत बसला.

सून उठली, भांडी आत ठेवून आली. "गाडीचं जाऊ द्या बाबा, चूक कुणाचीही होते. पण मी एवढ्या आनंदानं सांगत होते, आणि तुम्ही म्हणालात, सरावानं येतं."

"हो."

"आणि त्या टायरांवर मी हायवेनं जात होते."

"हो," ते पुन्हा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "गाडी मी दुसरीकडे तपासून आणणार आहे. रागावू नका."

"मी येतो," उस्ताद म्हणाले.

ते दुसरं दुकान म्हणजे ज्याला उस्ताद जन्मभर नावं ठेवत आले, त्याचं. 'मशीन भारी, डोकं रिकामं,' हे त्यांचंच बोलणं. आज ते तिथं गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. मालक बघतच राहिला. "उस्ताद, तुम्ही? इथं?"

"सुनेला खात्री करून हवीय," ते म्हणाले. एखादी सबब सहज सांगता आली असती.

मालकानं चारही चाकं तपासली. "काम चोख आहे," तो म्हणाला. "पण टायर एवढे कोरे कसे? आधीचे खाल्ले वाटतं गाडीनं?"

"खाल्ले," उस्ताद म्हणाले. "माझ्याच हलगर्जीपणामुळे."

मालक हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. नुसतं "असं होय" म्हणून हात पुसत आत गेला, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

परत येताना सूनच चालवत होती. मग समोर बघतच ती म्हणाली, "यापुढे मी काही विचारलं ना बाबा, तर आधी गाडीखाली बघा. मग काय हसायचं ते हसा."

"बघीन," उस्ताद म्हणाले, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.