गुळातली गोळी

"हिला लोहाच्या गोळ्या कोण देतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोणीच नाही," पंचफुला ताडकन म्हणाली. "मॅडम, मी स्वतः आशाताई आहे. थॅलेसेमियाच्या लेकराला लोहाची गोळी चालत नाही, एवढं कळतं मला."

"मग शी काळी कशी होतेय?"

नांदेडच्या दवाखान्यातल्या त्या खाटेवर दहा वर्षांची बुद्धप्रिया तापानं फणफणली होती. तिच्या यकृतात पू झाला होता. पायथ्याशी बसलेल्या समिंदराबाईंनी, पंचफुलाच्या सासूनं, पदर तोंडाला लावला.

"आज्जी देती," प्रिया पुटपुटली. "गुळात घालून. लाल गोळी."

पंचफुला सासूकडे बघतच राहिली.

मुदखेडजवळच्या त्यांच्या गावात गरोदर बायांना लाल गोळ्या वाटायचं काम पंचफुलाचं. गोळी चुकवायची नाही, शी काळी झाली तरी भ्यायचं नाही, रक्त वाढतंय समजायचं. ओट्यावर बसून ऐकून ऐकून सासूलाही ते तोंडपाठ झालं होतं. आणि घरात बघावं तर स्वतःच्याच नातीला रक्त नाही. रक्त चढवायला सारखं नांदेडला न्यायचं, शीर सापडेपर्यंत सुया टोचायच्या, पोरीनं रडून दवाखाना डोक्यावर घ्यायचा. म्हातारीचा जीव तीळ तीळ तुटायचा.

"आत्याबाई, हिला लोह नगं म्हणून सांगितलं व्हतं की मी!"

"सांगितलं व्हतंस." सासूचा आवाज खोल गेला होता. "पर मला वाटलं, सरकारी गोळी घरच्याला द्यायची न्हाई म्हणून तू तसं म्हणून राहिलीस. लई इमानाची तू. मागं मला ताप आला, तर तुझ्या औषधाच्या पेटीतली गोळी दिली न्हाईस. दुकानातून आणाया लावलीस."

खरं होतं. त्या सचोटीचं गावभर कौतुक झालं होतं, आणि पंचफुलाही थोडी मिरवलीच होती.

"पोरगी म्हणली, आज्जी, काळी झाली. म्या म्हणलं, भ्यायचं न्हाई, तुझी आईच सांगती. रगत घरीच वाढलं तर सुया तरी टळतील, वाटलं."

पंचफुलाला ओरडायचं होतं. पण ओरडणार कुणावर? शब्द तर तिचेच होते.

"जंतूंनाही वाढायला लोह लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगात ते जास्त साठलं की त्यांचं फावतं. पण सगळा दोष गोळीवर टाकू नका. हिच्या अंगातलं बहुतेक लोह चढवलेल्या रक्तातूनच आलंय. ते बाहेर काढायचं औषधही आता ताप जाईपर्यंत बंद ठेवावं लागेल; त्या औषधानं धरलेलं लोहही हे जंतू ओढून घेतात."

"मग रक्त चढवायचंच नाही का?"

"रक्ताशिवाय ही जगेल कशी?"

दुपारी रक्ताची पिशवी आली, तेव्हा प्रियानं न रडता हात पुढे केला. त्याचंच पंचफुलाला जास्त वाईट वाटलं. लेकीला जगवणारं आणि लेकीला पोखरणारं, दोन्ही त्या एकाच नळीतून थेंब थेंब उतरत होतं. ती दुसरा हात धरून बसून राहिली.

ताप हटला आणि प्रिया घरी आली. दुसऱ्याच दिवशी गल्लीतली सृष्टी पोट सावरत दारात उभी. तिचं पहिलंच बाळंतपण.

"ताई, गोळीनं शी काळी होती म्हणं. भ्यायसारखं न्हाई ना?"

ओट्यावर नेहमीच्या जागी सासू बसली होती; तिनं मान खाली घातली.

"न्हाई," पंचफुला म्हणाली. "तुला न्हाई. घेत जा."

सृष्टी गेली, तशा समिंदराबाई उठल्या. घरातलं जुनं कुलूप शोधून त्यांनी ते सुनेच्या पेटीवर ठेवलं.

"लाव. किल्ली तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

पंचफुला नको म्हणणार होती. पण तिनं कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचताना तिला सासूकडे बघवेना.

"आज्जी, पाणी," आतून प्रियानं हाक मारली.

समिंदराबाई लगबगीनं वळल्या. माठातून तांब्या भरला, पदरानं पुसला आणि आतल्या दारापाशी जाऊन थांबल्या. या लेकराला जन्मल्यापासून त्यांनीच न्हाऊमाखू घातलं होतं.

"पंचफुला," त्यांनी विचारलं, "देऊ का हिला?"