माझ्या पोटातली सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. जुनी म्हणजे इतकी, की मला उघडलं की आधी शिंक येते आणि मग गोष्ट सुरू होते. माझं एकेक अक्षर हातानं जुळवलेलं आहे, पानं दोऱ्यानं शिवलेली आहेत. गेली साठ वर्षं मी या वाचनालयाच्या चौथ्या कपाटात राहते.

माझ्यात एक मावशी आहे. चौकात तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. अंगानं जाडजूड, तोंडानं फटकळ, आणि उभ्या जन्मात तिनं कुणाची माफी मागितलेली नाही. शेवटच्या पानावर ती दुकानाला कुलूप लावते, पिशवी उचलते आणि डावीकडे वळते. संपलं! कुठे गेली, ते लेखकानं सांगितलेलं नाही. यावरून कित्येकांनी मला चिडून आपटलं आणि आठवड्यानं पुन्हा मागून नेलं. याहून मोठं कौतुक माझ्या पाहण्यात नाही.

माझा सर्वांत निष्ठावान वाचक एक शिंपी आहे. दरवर्षी तो मला घरी नेतो आणि थोरल्या बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवतो. ताईंची नजर गेली आहे, जीभ मात्र ठणठणीत आहे. शेवटचं पान झालं की दोघांची जुंपते. शिंपी म्हणतो, मावशी स्टेशनवर गेली, गाव सोडून. ताई म्हणतात, अबोला धरलेल्या बहिणीकडे गेली. बत्तीस वर्षं हे चाललं आहे. भांडण आठवडाभर पुरतं, आणि त्या आठवड्यात दोघांनाही भूक चांगली लागते.

गेल्या वर्षी माझ्या शेजारी एक गुळगुळीत पुस्तक येऊन बसलं. माझ्याच मावशीचा, नव्या लेखकानं नव्या काळासाठी लिहिलेला पुढचा भाग. आपलं माणूस शेजारी आलं म्हणून मला आनंदच झाला. तीन महिन्यांत त्याचा डिंक सुटला. साठ वर्षांनी माझा दोराही सुटला होता. आम्ही दोघं एकाच पिशवीतून बाइंडरकडे गेलो, आणि तिथे घोटाळा झाला. त्याच्या सुरुवातीची सोळा पानं बाइंडरनं माझ्या शेवटी शिवून टाकली!

हे कळलं ते शिंप्याच्या घरी. "मावशी डावीकडे वळली," असं वाचून त्यानं सवयीनं पान उलटलं, तर पुढे आणखी मजकूर. तो वाचत गेला. मावशी थेट विमानतळावर गेली. तिथल्या आरशासमोर उभं राहून तिनं सगळ्या गावाची माफी मागितली. आठव्या पानावर ती सडपातळ झाली, बाराव्यावर गुप्तहेर. सोळाव्यावर हेलिकॉप्टरला लोंबकळत ती म्हणाली, "आधी स्वतःवर प्रेम..." आणि वाक्य अर्धवट असतानाच पानं संपली.

"बारक्या, हे काय वाचतोयस? जाहिरात आहे का कसली?" ताईंनी विचारलं.

"छापलंय तेच वाचतोय, ताई."

"आपली मावशी आणि माफी? ताप चढला असेल तिला."

"म्हणजे विमानतळ," शिंपी पुटपुटला. "स्टेशनही नाही आणि बहीणही नाही."

मी भांडणाची वाट पाहत होते. ते झालंच नाही. चहा गार झाला. मग ताई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नको आणूस हे पुस्तक. कुठे गेली ते कळलं ना आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्यानं वाचनालय गाठलं. ग्रंथपालबाईंनी बाइंडरला फोन लावला. "दोन्हीकडे मावशीच होती. मावशीची पानं मावशीला लावली," तो शांतपणे म्हणाला.

"आता उसवलं तर हिची पाठ टिकायची नाही," बाई म्हणाल्या. "मग रद्दीतच काढावी लागेल."

"बाई, दुसऱ्यांनी बिघडवलेलं दुरुस्त करण्यातच चाळीस वर्षं गेली माझी. द्या इकडे," शिंपी म्हणाला.

बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. "मी काही पाहिलेलं नाही हं."

मित्रांनो, कात्रीचं टोक पाठीत शिरताना मी फार घाबरले. पण त्यानं एकेक टाका मोजून काढला आणि कोटाची बटणं लावायच्या दोऱ्यानं मला पुन्हा शिवलं. ती सोळा पानं त्यानं नीट शेजाऱ्याला परत केली. त्यालाही वाचक आहेत, तो सुखात आहे.

दुपारी त्यानं ताईंना शेवटचं पान पुन्हा वाचून दाखवलं.

"बहिणीकडेच गेली," ताई हळूच म्हणाल्या.

"ताई, हातात पिशवी आहे तिच्या! बहिणीकडे पिशवी कशाला?"

"इतक्या वर्षांनी रिकाम्या हातानं जाईल का रे, गाढवा?"

हा मुद्दा बत्तीस वर्षांत निघाला नव्हता. शिंप्यानं उत्तर शोधायला मला पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

मित्रांनो, तुम्हाला मावशीची पुढची गोष्ट लिहावीशी वाटली, तर जरूर लिहा. पण आधी मला एकदा पूर्ण वाचा. तिला बारीक करा, विमानात बसवा, काय हवं ते करा, फक्त तिच्या तोंडी माफी घालण्याआधी तिचा स्वभाव तरी पाहून घ्या. आणि वाचता वाचता उठावं लागलं, तर मला उघडी, पालथी टाकून जाऊ नका. पाठ नुकतीच शिवली आहे.