माझ्या दिव्यासमोर न आलेल्या पेशी

मित्रांनो, मला हात नाहीत की पाय नाहीत. आहे तो एक डोळा, त्याखाली एक दिवा आणि शेजारी आकडे दाखवणारा धुळकट पडदा. पेशींतला डीएनए मोजणारी मशीन मी. परदेशातल्या एका दवाखान्याने मला वापरून जुनी केली आणि मग खोक्यात घालून इकडे युगांडाच्या उत्तरेला, गुलूतल्या रुग्णालयात धाडून दिलं.

सुरुवातीला माझे काय लाड! लाकेर नावाची तंत्रज्ञ मऊ फडक्याने माझं भिंग पुसायची. आमच्या या मलेरियाच्या मुलखात लहान मुलांच्या जबड्यात गाठी येतात. त्यांच्याशी एका विषाणूचा संबंध असतो. तो बालपणीच जवळजवळ सगळ्यांच्या अंगात शिरतो, बहुतेकांना काही करत नाही. एखाद्याच लेकराच्या मुळावर उठतो. गाठीतल्या पेशी काचेवर घेऊन रंगवल्या, की डीएनए जितका जास्त तितका गुलाबी रंग गडद. तो गडदपणा मी मोजायचे. डीएनए दुप्पट करायच्या घाईत असलेल्या पेशी फार दिसल्या, की आमचे डॉक्टर ओतिम कर्करोगाच्या शंकेने सावध व्हायचे.

पुढे माझा दिवा म्हातारा झाला. नवा मागवला, तो काही येईना. "थोड्याच पेशी मोजायच्या आणि दिवा बंद!" असा डॉक्टरांनी हुकूम सोडला. मग लाकेर छान गोल, सुटसुटीत पेशी निवडू लागली. मोठ्या, वेड्यावाकड्या दिसल्या की म्हणायची, "ह्या रंगवताना बिघडल्यात," आणि काच पुढे सरकवायची. मला फार वाईट वाटायचं, पण बोलता कुठे येतं मला!

अशातच लान्येरो आली. एवढीशी पोर, दात हलत होते, एक गाल टम्म सुजलेला.

"आजी म्हणते, मी गालात शेंगदाणे लपवलेत," ती लाकेरला म्हणाली.

"मग मला दे की थोडे!"

"अगं, गाल उघडतच नाही ना!"

गाठीचा तुकडा राजधानीला, कंपालाला तपासायला पाठवला, पण तिथून अहवाल यायला वेळ होता. तोवर सगळा भरवसा माझ्यावर. लाकेरने तिच्या गाठीतल्या पेशी काचेवर घेतल्या आणि नेहमीसारख्या गोल तेवढ्या निवडल्या. मी मोजल्या. आकडा अगदी चारचौघांसारखा आला. ज्या पेशी ओरडून सांगत होत्या, त्या माझ्या दिव्यासमोर आल्याच नाहीत.

"दाताचं दुखणं आहे. गोळ्या द्या आणि घरी न्या," डॉक्टर म्हणाले. लान्येरोच्या आईने गुडघे टेकून आभार मानले. तेव्हा माझ्या भिंगालाच तडा गेला असता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

काही आठवड्यांनी कंपालाहून कळलं, की तो कर्करोग आहे. डॉक्टर तडतडले. "मग ह्या डब्याने मोजलं काय?" लाकेरने तीच काच पुन्हा लावली. या वेळी वाकडी, मोठी, एकही पेशी सोडली नाही. पडद्यावर दुप्पट होत चाललेल्या पेशींची रीघ लागली.

लान्येरोचं गाव लांब, फोन नाही. आमच्याकडे अशा वेळी रेडिओवरून हाक घालतात. सकाळच्या गाण्यांच्या मधे निवेदक सांगू लागला, "लान्येरोच्या आईने असेल तसं मुलीला घेऊन रुग्णालयात यावं."

मायलेकी आल्या. गाठ वर चढली होती, पोरीचा डावा डोळा बाहेर आला होता. शेंगदाण्यांबद्दल ती काही बोलली नाही.

"तेव्हा तर काही नाही म्हणालात!" आई डॉक्टरांना म्हणाली.

"मशीन जुनी झालीय, आई," डॉक्टर हळूच म्हणाले.

लाकेर पुढे आली. "मशीनला दाखवलं तेवढंच तिने मोजलं. मीच तिला सगळं दाखवलं नाही."

आई डॉक्टरांना सोडून लाकेरकडे वळली.

"गाठ उतरली का, ते तूच सांगायचंस मला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."

औषधाने गाठ भराभर उतरते आहे. डाव्या डोळ्याला मात्र आता दिसत नाही, आणि पुढचं काय ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राचा दिवा वेळेवर बदला, भिंग पुसा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं हे, की नीटनेटकं दिसेल तेवढंच माझ्यापुढे ठेवू नका. मला दाखवलं नाही ते लान्येरोच्या गालात वाढतच होतं.