गच्चीवर दोघंच

"मामा, सावलीत बसा जरा. पाणी घ्या," जावयानं पुन्हा सांगितलं.

"डांबर गार होईल तोवर," सासरे म्हणाले. "तुम्ही बसा, जावईबापू."

सहा मजली इमारतीची गच्ची गळत होती. तिच्यावर दोघं डांबर फासत होते. सासऱ्यांचं उभं आयुष्य लोकांच्या छपरांवर गेलेलं. पाण्यासाठी थांबणं त्यांना कामचुकारपणा वाटे. शर्ट घामानं चिंब झाला होता. पोटरीत गोळे आले तेव्हा त्यांनी नुसता पाय झटकला. मळमळलं तेव्हा कठड्याशी जाऊन थुंकले आणि पुन्हा ब्रश उचलला. जावयाला हे दिसत होतं. पण सासऱ्याला दटावायचं कसं?

मग त्यांचा ब्रश एकाच जागी फिरू लागला.

"मामा?"

"तुझ्या सासूला सांग, दार उघड म्हणावं."

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आणि जावयाला ते आजवर कधी 'तू' म्हणाले नव्हते. सासरे अडखळत कठड्याकडे निघाले, तसं त्यानं धावत जाऊन त्यांना मागून कवेत घेतलं. अंग भट्टीसारखं तापलेलं. त्याच्या हातातच त्यांनी मान टाकली.

जिन्याच्या सावलीत ओढत आणून त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"गाडी निघाली," पलीकडून बाई म्हणाली. "कपडे काढा, अंग भिजवा, वारा घालत राहा. शुद्धीवर नाहीत ना? मग तोंडात पाणी घालू नका, श्वासात जाईल."

"सगळे कपडे?"

"आधी जीव वाचवा."

घरातही सदऱ्याशिवाय जावयासमोर न येणारा माणूस. जावयानं मान वळवून त्याच्या पँटचं बटण काढलं. आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरच्या बायका बादल्या आणि बर्फ घेऊन आल्या, आणि बघत उभ्या राहिल्या. त्यानं ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून काखेत, जांघेत ठेवला, पुठ्ठ्यानं वारा घातला. छाती वर आली की खाली जाईपर्यंत त्याचा स्वतःचा श्वास अडकत होता. बायकोला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये सासऱ्यांनी माणसं ओळखली. "उन्हातलं काम आता बंद," असं सांगून डॉक्टर गेले.

"जावईबापू, लोक होते का तिथं?"

"कोणी नव्हतं, मामा. आपण दोघंच."

"आणि माझे कपडे?"

"शर्टाची दोन बटणं सोडली, बस."

सासऱ्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग सलाइन नसलेल्या हातानं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि तिची कड नीट दुमडून घेतली.