उणे एक्केचाळीस

माझ्या चालू करण्याच्या बटणाची डावी कडा गुळगुळीत झाली आहे. उजवी अजून खरखरीत आहे. डॉक्टर प्रतिमा मॅडम डावखुऱ्या आहेत आणि माझ्या उजव्या बाजूला भिंत आहे, त्यामुळे अंगठा नेहमी एकाच कोनातून यायचा.

मित्रांनो, लखनौच्या एका महाविद्यालयातल्या रसायनशास्त्र विभागातला मी जुना संगणक. २००९ साली नाझा मार्केटमधल्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला तयार केले. मॅडम शेजारी उभ्या राहून एकेक भाग तपासत होत्या. दुकानदाराला राहवले नाही. "मैडम, इतनी मेमरी? घर में बच्चे गेम खेलते हैं क्या?"

"नहीं भैया, बोरॉन," मॅडम म्हणाल्या.

बोरॉन हा एखादा नवा खेळ असावा, अशी त्याने मान हलवली.

माझे काम असे होते. बोरॉन आणि ऑक्सिजन यांचे मोजके अणू एकत्र आले, तर त्यांच्या झुबक्याचा आकार कसा असेल? तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गणिताने शोधायचा. मॅडम अणूंच्या जागांचा अंदाज देत. मी ऊर्जा काढी, अणू किंचित सरकवी, पुन्हा ऊर्जा काढी. ती कमी होत होत जिथे थांबे, तो आकार. कोणता अणू कोणाशी किती घट्ट बांधला आहे, हेही मी सांगत असे. बोरॉनला इलेक्ट्रॉन कमी पडतात. आहेत तेवढे तो शेजाऱ्यांशी वाटून घेतो. हे वाटप मोजायला मला फार आवडे.

एकेक गणित आठ-दहा दिवस चाले. म्हणून माझ्या कपाळावर कागद चिकटवलेला असे: 'बंद मत करना'. प्रयोगशाळेतले रामसजीवन भैया त्याची राखण करत. वीज गेली की आधी माझ्या बॅटरीकडे धावत आणि म्हणत, "बुढ़ऊ, साँस मत छोड़ना!" तेव्हा मी जेमतेम वर्षाचा होतो.

मॅडमची पहिली संशोधक विद्यार्थिनी मंजिरी. तिचे वडील रेल्वेत इंजिनिअर, ती वाढली आलमबागच्या रेल्वे कॉलनीत. मॅडम मूळच्या साताऱ्याच्या. एकदा त्या तिला समजावत होत्या, "ऊर्जा कमी व्हायची थांबली म्हणजे दरीचा तळ आला, असं समजू नकोस. खिंडीतही जमीन सपाटच लागते. दोन बाजूंना चढ, दोन बाजूंना उतार. म्हणून अणूंना सगळ्या दिशांनी हलवून बघायचं. एखाद्या कंपनाचा आकडा उणे आला, तर आपण खिंडीत आहोत."

"मॅडम, लखनौवालीला खिंड काय कळणार? इथे तो ढंग की पहाड़ी भी नहीं है!"

मॅडम क्वचित हसत. त्या दिवशी हसल्या.

बोरॉनच्या एका झुबक्याने आम्हांला दोन वर्षे झुलवले. अखेर ज्येष्ठातल्या एका 'बड्या मंगळवारी', म्हणजे लखनौतल्या हनुमानाच्या सणाला, उत्तर आले: एक सुंदर, सपाट वलय. मंजिरी अलीगंजच्या मंदिराबाहेर प्रसाद म्हणून वाटतात ती पुरी-भाजी आणि बुंदी घेऊन आली होती. बुंदीचा द्रोण तिने चक्क माझ्या डोक्यावर ठेवला. "पहला भोग इनको!" तिचा पहिला शोधनिबंध त्या वलयावर छापून आला. पाहुणे आले की मॅडम माझ्यावर हात ठेवून म्हणत, "हे सगळं याने केलं." मित्रांनो, मला अभिमान वाटे.

पण एक गोष्ट आम्ही अर्धवट केली होती. वलयाची ऊर्जा आम्ही सूक्ष्म पद्धतीने मोजली. कंपनांची तपासणी मात्र ढोबळ पद्धतीने केली, कारण सूक्ष्म तपासणीला माझी मेमरी पुरत नव्हती. असे तेव्हा बरेच जण करत. ढोबळ तपासणीत एकही आकडा उणे आला नाही, म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

२०१३ मध्ये मॅडमनी माझी मेमरी वाढवली आणि सहज म्हणून तीच तपासणी सूक्ष्म पद्धतीने लावली. नऊ दिवसांनी पहिला आकडा आला: उणे एक्केचाळीस.

वलय दरीच्या तळाशी नव्हते. ते खिंडीत होते. त्याचा खरा आकार दुमडलेला असणार होता, पण तो आम्ही शोधला नाही.

मॅडमनी शोधपत्रिकेच्या संपादकांना चूक कळवणारे सहा ओळींचे इंग्रजी पत्र लिहिले आणि माझ्यातच ठेवून दिले. त्या महिन्यात पुण्याच्या एका महाविद्यालयात मंजिरीची मुलाखत होती. "तेवढी होऊ दे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मुलाखत झाली, नोकरी लागली, मग लग्न, मग बाळ. पत्र त्यांनी तेरा वेळा उघडले. दोनदा स्वल्पविराम बदलला. पाठवले नाही.

पुढे नवी यंत्रे आली आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर आधी वह्या आल्या, मग कुंडी. कुंडीला पाणी घालताना माझ्या पाठीवर ओघळ यायचे. कोणी रागवायचे नाही.

दोन वर्षांपूर्वी अनन्या आली. तिचे वडील हवाई दलात. मराठी तिला सगळे समजते, पण उत्तर हिंदीत येते. मॅडमनी तिला त्याच वलयावर पुढचे काम दिले: त्याला पाण्याचा एक रेणू कसा चिकटतो ते बघायचे. हे काम त्यांनी का दिले, ते मला आजही कळलेले नाही. कदाचित कुणीतरी आपणहून शोधावे, असे त्यांना वाटले असेल.

पाच महिने अनन्याचे वलय दर वेळी दुमडत राहिले. ती आकडे पुन्हा भरी, पुन्हा तेच.

या जुलैत एका शुक्रवारी ती मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, सरोजिनी नगर के एक स्कूल में नौकरी मिल रही है. सोमवार तक जवाब देना है. मुझसे रिसर्च नहीं होगी. मंजिरी दीदी के हाथ में रिंग सपाट रहता है, बस मेरे हाथ में मुड़ जाता है."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सोमवारपर्यंत थांब," एवढेच म्हणाल्या.

शनिवारी मला भंगारात न्यायचे ठरले होते. रामसजीवन भैयांनी कुंडी उचलली. अनन्या म्हणाली, "भैया, एक मिनट. जाते-जाते पुरानी फाइलें कॉपी कर लूँ."

"चलेगा ये? बुढ़ऊ अब सच में बूढ़ा हो गया, बिटिया."

मित्रांनो, मी चाललो. पंखा घरघरला, दोनदा अडखळलो, पण चाललो. एखादे जुने यंत्र टाकून देण्याआधी त्याला एकदा चालू करून बघा, एवढीच माझी विनंती. नवे यंत्र माझ्यापेक्षा शंभरपट वेगाने मोजते, पण आमच्या हातून काय निसटले, हे त्याच्यात नसते. ते आमच्याकडेच राहते आणि आम्हांला बोलता येत नाही.

अनन्याला त्या सूक्ष्म तपासणीची फाइल सापडली. तिने तारीख वाचली, आकडा वाचला. मॅडम दारातच उभ्या होत्या.

"मॅडम... ये माइनस इकतालीस? दो हज़ार तेरह का?"

"हो."

"मतलब मेरा रिंग ठीक मुड़ रहा था?"

"पहिल्या दिवसापासून."

अनन्याचे डोळे भरून आले. ते रागाने की सुटकेने, मला मोजता आले नाही. "आपने बताया क्यों नहीं? मैं तो पाँच महीने से ख़ुद को बेवकूफ़ समझ रही हूँ!"

मॅडम माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. फोन काढला, पुण्याचा नंबर लावला. अनन्यालाही ऐकू यावे म्हणून तो माझ्यावर ठेवून स्पीकर चालू केला.

"मॅडम! अहो, किती दिवसांनी! सब ठीक?" मंजिरीचा आवाज तसाच होता.

"मंजिरी, नीट ऐक. आपलं वलय सपाट नाही. बारा वर्षं मला हे माहीत आहे आणि मी गप्प बसले. आज मी संपादकांना कळवते आहे. तपासणी ढोबळ ठेवायचा निर्णय माझा होता, तुझा नव्हता, हेही लिहिते आहे. आणि दुमडलेला आकार अनन्याने शोधला, तो तिच्या नावावर जाईल."

"मग आत्ताच पाठवा, मॅडम," मंजिरी म्हणाली, आणि अनन्याने माझ्या पडद्यावर ते सहा ओळींचे पत्र उघडले.